पिकार्ड की एमपीथ्रीटॅग? घरातल्या गाण्यांचे टॅग नीट लावायचे असतील तर

आमच्या हार्डडिस्कवर कुमार गंधर्वांची तीन माणसं झाली होती. एक 'पं.' लावून देवनागरीत, एक रोमनमध्ये शेवटी 'ए' असलेलं, एक तो 'ए' गाळलेलं. प्लेअर फाइलच्या आतला टॅग, म्हणजे गायक, अल्बम, शीर्षक यांची नोंद वाचतो, त्याच्या लेखी तिघे वेगळे. ज्या सुळेभावीत ते १९२४ साली जन्मले ते गाव आम्हा बेळगावकरांच्या उशाशी, आणि आमच्याच घरात त्यांचं नाव धड एका जागी नाही! लाज वाटली आणि दुरुस्तीला बसलो. तुमच्याकडेही अशीच खिचडी असेल, तर कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं हे ठरवण्याआधी बघा, तुमची गाणी आली कुठून.

सीडीवरून उतरवलेली असतील तर म्यूझिकब्रेन्झ पिकार्ड. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. 'स्कॅन' दाबलं की गाण्याच्या सुरुवातीच्या दोनेक मिनिटांवरून ते आवाजाचा ठसा काढतं आणि ॲकॉस्टआयडी या ठशांच्या ऑनलाइन साठ्यात शोधतं. त्यामुळे 'ट्रॅक ०१' एवढंच नाव असलेली फाइलही ओळखू येते. सिनेमाच्या सीड्यांचं माझं काम एका संध्याकाळीत उरकलं. नाट्यपदांना मात्र तेच स्कॅन अंगाशी आलं. एकच पद चार-पाच संकलनांत असतं, त्यामुळे एका सीडीची पदं भलभलत्या अल्बमांत जाऊन बसली. तिथे आधी 'क्लस्टर' करून, म्हणजे एका अल्बमच्या फाइलींचा गट करून, अख्खा अल्बम 'लुकअप'ला, म्हणजे शोधायला द्यावा. 'सेव्ह' दाबेपर्यंत मूळ फाइलला धक्का लागत नाही, एवढा दिलासा.

कॅसेटवरून उतरवलेलं असेल तर पिकार्डवर फार विसंबू नका. वडगावातल्या भजनाचं खासगी रेकॉर्डिंग त्या साठ्यात कोण कशाला घालेल? बाजारात आलेली कॅसेटसुद्धा तुमच्या टेपरेकॉर्डरवर जरा जलद किंवा सावकाश फिरली असेल, तर ठसा जुळत नाही. त्यात नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू म्हणजे पंचेचाळीस मिनिटांची एकच फाइल, आत सहा अभंग. आधी ते ऑडॅसिटी या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये तोडावे लागतात. तिथे प्रत्येक तुकड्याच्या लेबलला अभंगाचं नाव दिलंत, तर तुकडे त्याच नावाने बाहेर पडतात आणि पुढचं निम्मं टायपिंग वाचतं.

पुढचं काम एमपीथ्रीटॅगचं. विंडोजवर फुकट, मॅकसाठी पैसे मोजावे लागतात. ते स्वतःहून गाणं ओळखत नाही, पण दोनशे फाइली निवडून गायकाचं नाव एका झटक्यात बदलतं, फाइलच्या नावातून टॅग भरतं, आणि बाजारातून भरून आणलेल्या पेनड्राइव्हवरच्या प्रत्येक गाण्यामागे चिकटलेलं वेबसाइटचं शेपूट एकदा ठरवून ठेवलेल्या 'ॲक्शन'ने, म्हणजे कृतीने, छाटतं. माझ्या मते आपल्याकडच्या संग्रहाला हेच जास्त उपयोगी. कारण रागाला आणि तालाला तयार रकाना नसतो, तो इथे आपल्या नावाने जोडता येतो. अभंगात तुकाराम गीतकाराच्या रकान्यात, चाल लावणारा संगीतकाराच्या, गाणारा गायकाच्या. 'अल्बम आर्टिस्ट' मात्र अल्बमभर एकच ठेवा, नाहीतर एका नाटकाची पदं गायकागणिक फुटतात. मल्लिकार्जुन मन्सुरांची कन्नड वचनं आणि ख्याल मी गायक एकच ठेवून, प्रकार वेगळा देऊन लावलेत. घरात दोन्ही भाषा ऐकल्या जातात, फोल्डर कशाला दोन करायचे?

लिनक्स असेल तर किड३ हे टॅग बदलायचं सॉफ्टवेअर घ्या. विंडोजवाल्यांनीही एका कारणासाठी ठेवावं: एमपी३ फाइलमधले जुने आणि नवे टॅग ते वेगवेगळे दाखवतं. एमपी३मधल्या टॅगच्या पद्धतीला आयडी३ म्हणतात. जुना आयडी३ म्हणजे फाइलच्या शेवटचे १२८ बाइट. त्यात शीर्षकाला जागा तीस बाइटची, आणि युनिकोडची, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्या साठवण्याची सोय नाही. म्हणून देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. हा जुना टॅग काढून टाका आणि नवा २.३ आवृत्तीत ठेवा, जुनी यंत्रं तो सहसा वाचतात. तरीही निपाणीच्या रस्त्याला लागल्यावर आमच्या गाडीचा स्टिरिओ चौकोनच दाखवतो, कारण त्याच्याकडे देवनागरीचा फाँटच नाही. म्हणून गाडीच्या पेनड्राइव्हपुरती रोमन प्रत, घरात देवनागरी.

बीट्स नावाचंही एक आहे, पण ते कमांड लिहून चालवायचं. हजारो अल्बम असतील आणि काळ्या पडद्याची भीती नसेल तरच त्या वाटेला जा.

काहीही घेतलंत तरी आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा, मग वीसेक फाइली दुरुस्त करून त्या फोनवर आणि गाडीत लावून बघा. मी ते न करता एकदा सगळ्या संग्रहाला 'पं.' लावून बसलो होतो, आणि त्यात शेजारच्या काकांचं हरिपाठाचं रेकॉर्डिंगही पंडित झालं. काकांनी ते अजून बदलू दिलेलं नाही.