खांद्याची पेन्शन नाकारली: दुसरं अपील की थेट एएफटी?

फौजेतून निघताना खांद्याच्या दुखापतीची डिसॅबिलिटी पेन्शन (अपंगत्वाची पेन्शन) नाकारली, आणि त्यावरचं पहिलं अपील फेटाळल्याचं पत्र हातात पडलं की पुढे दोन वाटा दिसतात. एक तर सहा महिन्यांच्या आत दुसऱ्या अपील कमिटीकडे जायचं, नाहीतर मुंबईला सशस्त्र सेना न्यायाधिकरणात, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या एएफटीत अर्ज लावायचा. पुण्यात वानवडी, खडकी, दिघी, लोहगाव, कुठेही चार रिटायर्ड फौजी चहाला बसले की हा विषय निघतोच आणि प्रत्येकाचं मत ठाम असतं. माझंही आहे. पण दुसऱ्या अपिलाची बाजू आधी सांगतो, कारण ती वाटते तितकी लेचीपेची नाही.

त्याआधी एक खुलासा. 21 सप्टेंबर 2023 पासून निघालेल्यांना नवे एंटायटलमेंट नियम, म्हणजे ही पेन्शन कुणाला मिळते ते ठरवणारे नियम, लागू आहेत. मी त्याआधीचा, त्यामुळे पुढचा सगळा हिशोब जुन्या नियमांचा आहे. नव्यांनी आकडे जसेच्या तसे उचलू नयेत.

दुसऱ्या अपिलाचं पहिलं सुख म्हणजे ते घरी बसून होतं. खर्च कागदांच्या झेरॉक्सचा आणि स्पीड पोस्टचा. मसुदा जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येतं. आणि हरलात तरी एएफटीचा दरवाजा बंद होत नाही, उलट ‘सगळे खात्यांतर्गत उपाय करून झाले’ हे दाखवायला कागद मिळतो. एएफटीच्या 2007 च्या कायद्यातच आहे की असे उपाय संपवल्याशिवाय साधारणपणे अर्ज दाखल करून घेत नाहीत. मात्र अपील करून सहा महिने झाले आणि अंतिम निर्णयच आला नाही, तर तो उपाय संपला असं धरलं जातं. दुसरं अपील केलेलंच हवं, असा आक्षेप सरकारी वकील कधीकधी घेतात. पण पहिल्यानंतर थेट गेलेल्यांचे अर्ज चाललेलेही आहेत.

आता खांद्यापुरतं बोलू. तुमचं भांडण नक्की कशावर आहे ते आधी बघा. मेडिकल बोर्डाने, म्हणजे निघताना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने, दुखापतीचा सर्व्हिसशी संबंध मान्य केलाय, पण अपंगत्वाचे टक्के वीसच्या खाली ठेवलेत? पूर्ण सर्व्हिस करून निघालेल्याचं गाडं तिथेच अडतं. खांद्याचे टक्के बरेचसे हात किती वर जातो, किती मागे वळतो यावर ठरतात. त्यासाठी कुणीतरी डॉक्टरने हात पुन्हा उचलून बघायला हवा. अशा वेळी अपिलात नव्याने मेडिकल बोर्ड मागणं मला जास्त सरळ वाटतं. न्यायाधिकरण टक्क्यांत सहसा स्वतः हात घालत नाही, फार तर पुन्हा बोर्ड करा म्हणून सांगतं. म्हणजे मुंबईला जाऊन परत कमांड हॉस्पिटलच्याच रांगेत. फ्रोझन शोल्डरवाल्यांनी तर हे विशेष लक्षात घ्यावं, कारण आखडलेला खांदा काळाने सुटतोही, आणि पुढच्या बोर्डात टक्के कमी होण्याची शक्यता दोन्ही वाटांवर आहे.

माझं भांडण टक्क्यांचं नव्हतं. वीस टक्के मिळाले होते. अडलं होतं ते ‘नाना’वर: सर्व्हिसमुळे झालेलं नाही, सर्व्हिसमुळे वाढलेलंही नाही. उजवा खांदा ऑब्स्टॅकल कोर्सवर दोरावरून उतरताना निखळला, युनिटने इंज्युरी रिपोर्ट भरला, त्यात ‘ऑन ड्युटी’ स्पष्ट लिहिलेलं. पुढे तो पुन्हा पुन्हा निखळत राहिला, ऑपरेशन झालं. पण बोर्डाने आजाराची सुरुवात पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या नेमणुकीत, धरली आणि लिहून टाकलं की फील्ड किंवा हाय अल्टिट्यूडच्या ताणाशी संबंध नाही.

दुसऱ्या अपिलावरून माझं मन उडालं ते पहिल्याच्या उत्तरामुळे. पत्र व्यवस्थित होतं. नंबर, रँक, नाव, तारखा, सगळं बरोबर. कारणाचा परिच्छेद मात्र मेडिकल बोर्डाचंच वाक्य, शब्द न शब्द. इंज्युरी रिपोर्ट मी जोडला होता, सोबतच्या कागदांच्या यादीत त्याचा नंबरही टाकला होता. उत्तरात त्याचं नावच नाही. मान्य नाही म्हणा, खोटा आहे म्हणा, पण काहीतरी म्हणा! शेजारच्या सुभेदार साहेबांचं पत्र शेजारी ठेवून पाहिलं. त्यांची केस ब्लड प्रेशरची. कारण तेच, पीस स्टेशन आणि ताणाशी संबंध नाही. दोरावर निखळलेला खांदा आणि बी.पी., दोघांना एकाच मापाचा सदरा.

कमिटीतल्या माणसांना दोष देत नाही, त्यांच्यापुढे ढीग असणार. पण पुढच्या कमिटीतही कागदच जाणार, तुम्ही जात नाही. अमुक पान वाचलं का, हे विचारायला समोर कुणी नसतं. मला नकार पचला असता. न वाचता दिलेला नकार पचला नाही.

एएफटीत हा एक फरक पडतो. सरकारला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि बोर्डाचे कागद त्यासोबत येतात. माझ्या कागदांत कमांडिंग ऑफिसरने भरलेला भाग मी पहिल्यांदा तिथेच पाहिला, आणि तो माझ्या बाजूचा निघाला. बेंचवर एक न्यायिक सदस्य असतो आणि एक प्रशासकीय, म्हणजे सेनेतला निवृत्त वरिष्ठ अधिकारी. ऑब्स्टॅकल कोर्स म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. शिवाय कायदा आपल्या बाजूने बराच झुकलेला आहे. धरमवीर सिंह प्रकरणात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी माणूस धडधाकट होता आणि कागदावर आजाराची नोंद नव्हती, तर पुढचा बिघाड सर्व्हिसमुळे झाला असं धरायचं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डाने कारणं लिहिली पाहिजेत. डिसेंबर 2014 च्या राम अवतार निकालामुळे पूर्ण सर्व्हिस करून निघालेल्यांनाही ब्रॉड बँडिंग मिळालं: वीस टक्क्यांचे पन्नास धरले जातात. शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, म्हणजे पन्नासला 15. पगार 40,000 असेल तर महिन्याला 2,400 ऐवजी 6,000, वर महागाई भत्ता. फरक लहान नाही.

त्रास आहेच. बेंच मलबार हिलला. डेक्कन क्वीनने जाऊन दादरला उतरा नाहीतर सीएसएमटीला, पुढे टॅक्सी. फायलींची पिशवी वरच्या रॅकवर ठेवायला हात वर जात नाही, त्यामुळे ती मुंबईपर्यंत मांडीवरच. तारीख पुढे गेली तर तीच पिशवी तशीच परत. स्वतः उभं राहायची मुभा कायद्याने दिली आहे, पण मी वकील केला आणि तुम्हीही करावा असं सुचवेन. फी आधी ठरवून घ्या. एरिअर्समध्ये हिस्सा मागणाऱ्याला नमस्कार करून निघा, बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही.

जिंकल्यावरही लगेच पैसे येतील असं नाही. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एएफटीच्या निकालांवर उच्च न्यायालयात जाता येतं हे स्पष्ट केलं, आणि तो रस्ता सरकारलाही मोकळा आहे. माझ्या बाबतीत तसं झालं नाही, पण पैसे यायला आदेशानंतर बराच पाठपुरावा लागला.

तरीही ‘नाना’चा शेरा असेल, टक्के वीस किंवा जास्त असतील आणि इंज्युरी रिपोर्ट हाताशी असेल, तर मी दुसऱ्या अपिलात वर्ष घालवणार नाही. उशीर झालेल्यांनी तर नाहीच. पेन्शनच्या दाव्यात उशीर माफ होतो, पण एरिअर्स साधारणपणे अर्जाच्या मागच्या तीन वर्षांचेच मिळतात. म्हणजे दर महिन्याला मागचा एक महिना गळतो. ज्यांची वेळेची अडचण नाही, मुंबईचा प्रवास झेपत नाही किंवा वाद टक्क्यांचा आहे, त्यांनी दुसरं अपील जरूर करावं.

कुठलीही वाट धरा, रिलीज मेडिकल बोर्डाच्या (निघतानाच्या तपासणीच्या) कागदांची संपूर्ण प्रत आणि इंज्युरी रिपोर्ट माहिती अधिकारात आजच मागवा. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून अर्ज रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचा, आणि ‘सर्व पाने’ असं लिहायचं. नाहीतर फक्त शेवटचं सहीचं पान येतं.