कुंपणालगतच्या गवतासाठी होंडाचा ब्रश कटर: यूएमके ४३५

ठाण्यात घोडबंदर रोडवर येऊरच्या डोंगराला पाठ लावून असलेल्या सोसायट्यांमध्ये ऑगस्ट सरता सरता जाळीचं कुंपण दिसेनासं होतं. कमरेएवढं गवत, मध्ये घाणेरी, वर वेली. या कामाला हा ब्रश कटर, म्हणजे लांब दांड्याचं गवत कापायचं मशीन, उत्तम आहे. मात्र पुढे पातं लावता की नायलॉन दोरी, यावर निम्मं काम अवलंबून असतं.

इंजिन ३५.८ सीसीचं, फोर-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नाही, आणि सोसायटीसाठी हाच मोठा फायदा. टू-स्ट्रोकमध्ये माळी बदलला की मिश्रणाचं माप चुकतं, ऑइल कमी पडलं की पिस्टन जाम होतो. इथे १०डब्ल्यू-३० ऑइल वेगळं भरायचं, जेमतेम १०० मिली. एवढ्याशा ऑइलमध्ये थोडी घटही महागात पडते, म्हणून रोज सुरू करण्याआधी पातळी बघायलाच हवी. पहिल्या १० तासांनी ऑइल बदला, नंतर दर ५० तासांनी. वजन साडेसात किलोच्या आसपास आहे. दोन्ही खांद्यांचा पट्टा घ्याच.

जाळीजवळ लोखंडी पातं अजिबात नको. बांधणीच्या तारेचा तुकडा त्यात अडकला तर गोळीसारखा सुटतो. पातं वापरायचं ते जाळीपासून दोन-तीन फूट लांब, मोकळ्या पट्ट्यात. तिथेही पात्याची पुढची उजवी कड खोडाला भिडू देऊ नका, मशीन जोरात उसळतं. अंगठ्याएवढी जाड घाणेरी आधी कोयत्यानं तोडून मूळ खणून काढा.

जाळीला लागून नायलॉन दोरी, ३ मिमी जाडीची. फक्त टोक गवताला लागू द्यायचं. दोरी जाळीत घुसवली की क्षणात झिजते, आणि उष्णतेनं रिळावरचे वेढे एकमेकांना चिकटून दोरी बाहेर येणं थांबतं. दोरी रात्रभर पाण्यात भिजवून भरली तर कमी तुटते. भरताना वेढे एकावर एक चढू देऊ नका. उंच गवत एका दमात बुडातून कापलं की मशीनच्या फिरत्या डोक्याला गुंडाळतं: आधी वरचा अर्धा भाग, मग बूड.

ओलं गवत अडकतं म्हणून बरेच जण गार्ड, म्हणजे फिरत्या डोक्यावरचं संरक्षक झाकण, काढून ठेवतात. हे फार घातक आहे. दोरी कापून मापात ठेवणारी छोटी सुरी गार्डवरच असते. गार्ड गेला की दोरी लांब सुटते, इंजिनचे फेरे उतरतात, क्लच घसरून जळतो. शिवाय दगड थेट नडगीवर. चष्मा आणि गमबूट हवेतच, आणि १५ मीटरच्या आत माणूस किंवा उभी गाडी नको. सुरुवातीला काठीनं गवत हलवून घ्या, घोणस अशाच जागी बसते.

किंमत साध्या चिनी टू-स्ट्रोकपेक्षा बरीच जास्त. वर्षातून एकदाच कापणी असेल तर मशीन भाड्यानं आणलेलं बरं. हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. इथेनॉलचं पेट्रोल ओल धरतं आणि पुढच्या जूनमध्ये कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल जायचं बारीक छिद्र) तुंबलेला सापडतो.