चार वाजता कपाटात जाणारा टॅबलेट

माझा धाकटा भाऊ 23 वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे आणि त्याचे बोलणे मोजक्या शब्दांपलीकडे गेलेले नाही. गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या ज्या डे केअर केंद्रात तो वर्षभर जातो, तेथील टॅबलेटच्या सोयीविषयी हा अभिप्राय आहे. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही.

चौघांत एक दहा इंची अँड्रॉइड टॅबलेट मिळतो. त्यावर आयआयटी मुंबईत तयार झालेले 'जेलो' हे विनामूल्य अ‍ॅप आहे. चित्रावर बोट ठेवले की ते मराठीतून बोलते आणि बाजूच्या कळांनी 'आवडते', 'आणखी', 'कमी' असा भाव त्याला जोडता येतो. सुरुवातीला भाऊ ताटातल्या भाताच्या चित्रावर बोट ठेवी आणि आवाज ऐकून गोंधळून बाईंकडे बघत राही, कारण आमच्या घरात मराठी वाचली जाते, पण बोलली जाते ती कोंकणी, आणि त्याच्या लेखी ते 'शीत' आहे. यावर बाईंनी जो तोडगा काढला, त्यासाठी त्यांना पूर्ण गुण द्यावे लागतील. घरचे ताट, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला बांगडा, आमचा बसथांबा यांचे पाच-पाच सेकंदांचे व्हिडिओ त्यांनी आमच्याकडून करून घेतले, प्रत्येकात आईला तो शब्द बोलायला लावला आणि सगळे एका फोल्डरमध्ये ठेवले. पहिल्याच दिवशी त्याने 'नुस्तें', म्हणजे मासे, सतरा वेळा वाजवले. (डब्यात नेमकी भेंडीची भाजी होती.)

तक्रार एकच आहे, पण ती लहान नाही. चार वाजले की टॅबलेट कपाटात जातो आणि कपाटाला कुलूप लागते. फुटेल, पावसात भिजेल, ही केंद्राची भीती मला समजते. परंतु 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने संवादाच्या व्याख्येतच अशी पर्यायी साधने धरली आहेत, आणि केंद्रात मात्र त्यांची गणना कॅरम बोर्डाच्या शेजारी होते. सोमवारी सकाळी त्याचे बोट पुन्हा चाचपडत फिरते, असे बाईच सांगतात.

तूर्त आम्ही फोल्डरची प्रत आईच्या जुन्या फोनवर घेतली आहे. पडदा लहान असल्यामुळे बांगड्याऐवजी बसथांबा वाजतो आणि तो चिडतो. अशा केंद्रात नाव घालू पाहणाऱ्या पालकांनी टॅबलेट घरी नेता येईल का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.