बाभळीवर काय बांधावं: चादरीची कात्रणं की पॉलिस्टर साडी?

सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावाकाठी बाभळीवर टाकाऊ कापडाची कलाकृती मांडायची तर मी सोलापुरी चादरीची सुती कात्रणंच घेईन. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेली नक्षी मागच्या अंगाला उलट रंगात उमटते. टांगलेली पट्टी वाऱ्यानं फिरली की नक्षीमागच्या पार्श्वभूमीचा रंग फुलात आणि फुलाचा पार्श्वभूमीत. काय सुरेख दिसतं ते! जुन्या पॉलिस्टर साडीत ही गंमत नाही. ती हलकी, चटकन वाळणारी, हे खरं. चादर भिजली की जड होते, फांदी जाडच हवी. पण सूत मातीत कुजतं, पॉलिस्टर उन्हानं विरून तंतूतंतूनं पाण्यात जातं. शंका आली तर एक धागा जाळून बघा: सुताची राख होते, पॉलिस्टरचा कडक मणी. आणि चादरीच्या सुट्या दशा आधी कापा, पक्ष्यांचे पाय अडकतात.