मँडेला आणि मेरीगे: ‘द फॉरएव्हर वॉर’ दुसऱ्यांदा वाचताना

जो हॉल्डमनची ही विज्ञानकादंबरी पहिल्यांदा मी शस्त्रांसाठी वाचली. लढाऊ पोशाख, लेझर, नोव्हा बॉम्ब, कोसळलेल्या ताऱ्यांमधून मारलेल्या उड्या. पृथ्वीवर परतण्याचा मधला भाग लढाई नाही म्हणून भराभरा उलटला. या वेळी त्याच भागापाशी थांबले, आणि नायक मँडेलाच्या आईच्या आजारपणाची पानं वाचून झाल्यावर पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

विल्यम मँडेला भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. हुशार म्हणून सक्तीने भरती झालेला. त्याला लढायचं नसतं, पण तो बंडही करत नाही, हुकूम पाळतो. टॉरन या परग्रहवासी शत्रूशी पहिली गाठ पडते तेव्हा सैनिकांच्या मनात आधीच रुजवलेली संमोहनाची सूचना जागी केली जाते आणि ते बेभान होऊन कत्तल करतात. नंतर मँडेला भानावर येतो. द्वेष आपला नव्हता हे त्याला कळतं, पण हात आपलेच होते हेही तो विसरू शकत नाही. पहिल्या वाचनात मला इथे फक्त चकमक दिसली होती.

कथानकाची खरी किमया मात्र काळाच्या हिशोबात आहे. प्रकाशाच्या वेगाजवळ प्रवास करणाऱ्याचा काळ मंदावतो, हे आइन्स्टाइनचं गणित. बहुतेक अंतराळकथा ते सोयीने विसरतात. हॉल्डमन त्यावरच सगळी गोष्ट उभी करतो. पहिल्या मोहिमेत मँडेलाची दोनेक वर्षं जातात, पृथ्वीवर तेवढ्यात सव्वीस वर्षं उलटलेली असतात. वडील गेलेले, आई म्हातारी झालेली. आणि वय जास्त म्हणून सरकारी उपचारांच्या यादीत तिला जागाच नाही. शत्रूने यातलं काहीच केलेलं नाही. प्रवासानेच हे घर मोडलं.

म्हणूनच त्याच्याबरोबर लढणारी, त्याची प्रेयसी मेरीगे पॉटर इतकी महत्त्वाची होते. मँडेलाच्या काळातली, त्याची भाषा बोलणारी ती एकटी उरते. एका लढाईत त्याचा पाय जातो, तिचा हात जातो. दोन्ही अवयव नव्याने वाढवले जातात. मग दोघांना वेगवेगळ्या मोहिमांचे हुकूम येतात. दोघंही जिवंत परतले तरी त्यांच्यामध्ये शतकं पडलेली असतील, हे दोघांनाही माहीत असतं. एवढ्या कोरड्या कार्यालयीन हुकुमाने माझ्या घशाशी आवंढा आला, तसा कुठल्याही स्फोटाने आला नव्हता. इथे गणित समजून घेतल्याशिवाय दुःख कळत नाही. विज्ञान आणि माणसं इतकी एकमेकांत विणलेली लष्करी विज्ञानकथा माझ्या वाचनात दुसरी नाही.

हॉल्डमन स्वतः व्हिएतनाममध्ये लढला, जखमी झाला. तिथून परतलेल्या सैनिकाला आपलाच देश ओळखू न येणं या पुस्तकात पानोपानी जाणवतं. 1974 साली ते आलं आणि त्याला विज्ञानकथांसाठीचे ह्यूगो व नेब्युला हे दोन्ही पुरस्कार मिळाले.

उणिवा आहेत. दोघांभोवतीचे सैनिक नावापुरते येतात आणि मरतात. अखेरच्या मोहिमेतला चार्ली सोडला तर एकाचाही चेहरा माझ्या लक्षात राहिला नाही. भविष्यातल्या समलैंगिक समाजाचं चित्रण आज वाचताना खटकतं. त्या शतकांत मँडेलाच परका ठरतो, ही कल्पना भक्कम आहे, पण तिथल्या माणसांना लेखक पुरेसं आत शिरून पाहत नाही. आणि सैन्यातल्या स्त्रियांच्या शरीरावर जणू सैन्याचाच हक्क, हे सुरुवातीच्या प्रकरणांत इतक्या सहज येतं की मला त्याचा राग आला.

विकत घेताना आवृत्ती मात्र बघून घ्या. कादंबरीचे भाग आधी ज्या मासिकात आले, त्याच्या संपादकाला पृथ्वीवरचा मूळ भाग फार उदास वाटला, म्हणून त्या जागी लेखकाने सौम्य मजकूर लिहिला, आणि सुरुवातीच्या आवृत्त्यांत तोच छापला गेला. मूळ भाग पुढच्या आवृत्त्यांमध्ये परत आला. तोच घ्या. मेरीगेच्या आईवडिलांचं काय होतं ते त्यात आहे, आणि ते वाचल्यावरच ही दोघं पुन्हा सैन्यात का जातात ते पटतं.

शेवटी एक चिठ्ठी येते. तिच्यात काय आहे ते मी सांगणार नाही. फक्त तिच्यावरची तारीख नीट वाचा, आणि मँडेला ती कोणत्या साली वाचतोय ते आठवा.