निळा पडलेला बेंड पाइप आणि साडेनऊ हजारांचा भुर्दंड

गेल्या मे महिन्यात आंबा घाटातून सांगलीला परतल्यावर माझ्या बीएस-६ मोटारसायकलचा बेंड पाइप, म्हणजे इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारा चकचकीत वाकडा पाइप, सोनेरी-निळा झालेला दिसला. शंभर फुटी रस्त्यालगतच्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. इंजिन जास्त तापून पाइप जळाला आहे, तो सायलेन्सरसह बदलला नाही तर पिस्टन धरेल, म्हणजे इंजिनातच अडकून बसेल, असे तिथल्या मेकॅनिकने इतक्या ठामपणे सांगितले की मी साडेनऊ हजार रुपये मोजून मोकळा झालो. जुन्या सायलेन्सरचे भंगार म्हणून त्याने दोनशे रुपये वजा केले, तेही मला उपकारच वाटले.

कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्या आमच्या दाजींना हे सांगितले तेव्हा ते हसले. “पोलाद कापताना निघणारा कीस रोज निळा पडतो, मग आम्ही लेथ भंगारात काढायचं का?” स्टेनलेस स्टील तापले की पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि त्याच्या जाडीप्रमाणे रंग बदलत जातो, सुमारे ३०० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, पुढे तपकिरी, जांभळा आणि साडेपाचशेच्या आसपास निळा. खालच्या गिअरमध्ये लांबच लांब चढ चढताना इंजिनवर ताण जास्त आणि समोरून लागणारा वारा कमी असल्याने एकेरी पत्र्याच्या पाइपला हा रंग सहज येतो. मिश्रणात पेट्रोल कमी पडत असेल किंवा गॅस्केटमधून हवा शिरत असेल तर तो वाजवीपेक्षा लवकर चढतो हे खरे, पण ती शंका असल्यास आधी स्पार्क प्लग काढून पाहतात, कारण पांढराफटक प्लग तशी खूण देतो. माझा प्लग त्या माणसाने काढलाही नव्हता.

खरा प्रकार पीयूसी काढताना उघडकीस आला. कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले, कारण बसवलेल्या सायलेन्सरमध्ये धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच नव्हता. माझ्या जुन्या सायलेन्सरमध्ये तो होता, आणि त्यात पॅलेडियम व ऱ्होडियमसारखे मौल्यवान धातू असतात. दोनशे रुपयांत मी नेमके काय देऊन बसलो, हे तेव्हा कळले. जुना भाग परत मागायला गेलो, तर तो केव्हाच विकल्याचे उत्तर मिळाले. पावतीवर पार्ट नंबर नाही, कंपनीचे नाव नाही, नुसते ‘सायलेन्सर काम’ एवढेच लिहिलेले आहे, त्यामुळे भांडायलाही आधार उरला नाही.

नवा बेंड पाइपही तीन आठवड्यांत निळा पडला.