नव्या थर्मोस्टॅटचं बिल आणि रिकामं हाउझिंग

माझ्या गाडीत नवा थर्मोस्टॅट (इंजिनचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह) बसवला म्हणून एका गॅरेजने पैसे घेतले, सोबत टेम्परेचर सेन्सरचेही घेतले. प्रत्यक्षात जुना थर्मोस्टॅट काढून त्याची बसण्याची जागा, म्हणजे हाउझिंग, मोकळीच ठेवली होती. ही लबाडी बॉनेट उघडून पाहिली तरी दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

तक्रार अशी होती की इंजिन पुरेसं तापतच नव्हतं. मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की तापमानाचा काटा खाली यायचा, गर्दीत अडकलं की थोडा वर सरकायचा. हीटरमधून कोमट हवा, ॲव्हरेज घसरलेलं, आणि मग चेक इंजिनचा दिवा लागला. बिघाडाचा कोड होता पी०१२८. कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) थर्मोस्टॅटच्या ठरलेल्या तापमानापर्यंत पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ. एवढी लक्षणं एकत्र आली की पहिला संशय उघडा अडकलेल्या थर्मोस्टॅटवर जातो.

थर्मोस्टॅट म्हणजे आत मेण भरलेला व्हॉल्व्ह. इंजिन गार असताना तो बंद असतो आणि कूलंट इंजिनमध्येच फिरतं. बहुतेक गाड्यांत साधारण ८२ ते ९२ अंश सेल्सिअसला मेण वितळून फुगतं, व्हॉल्व्ह उघडू लागतो आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. तो उघडाच राहिला तर गार इंजिनलाही रेडिएटर थंड करत बसतो.

प्रामाणिक मेकॅनिक आधी दोन गोष्टी बघतो: रेडिएटरचा पंखा सतत फिरतोय का, आणि कूलंटची पातळी कमी होऊन सेन्सर हवेत उघडा पडलाय का. इथे दोन्ही पाहिलं नाही. थेट सेन्सर बदलायला सांगितलं, मग थर्मोस्टॅट. जुने पार्ट मागितले तर गॅरेजवाला म्हणाला, फेकून दिले. कोड पुसून गाडी हातात दिली, त्यामुळे दिवा विझलेला होता. काटा मात्र पूर्वीपेक्षाही खाली राहू लागला आणि थोड्याच दिवसांत तोच कोड परत आला. परत गेलो तर आता ईसीयू (इंजिनचं काम सांभाळणारा संगणक) खराब आहे म्हणाला. कूलिंगच्या तक्रारीवर ईसीयूपर्यंत उडी मारणाऱ्यावर विश्वास ठेवायचा तरी कसा?

ईसीयूला नकार देऊन मी स्वतः तपासलं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी सुरू करण्याआधी स्कॅनर (सेन्सरचे आकडे आणि कोड दाखवणारं यंत्र) लावला. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसलं, म्हणजे सेन्सर ठीक. सेन्सरची तार तुटली असती तर बऱ्याच गाड्यांत उणे ४० दिसतं. मग इंजिन सुरू केलं आणि पट्टा व पंख्यापासून हात दूर ठेवून रेडिएटरच्या वरच्या होजला (रबरी नळीला) स्पर्श करून पाहिला. (थर्मोस्टॅट रेडिएटरकडून परतीच्या वाटेवर बसवलेला असेल तर हीच परीक्षा खालच्या होजवर करावी लागते.) व्हॉल्व्ह चांगला असेल तर हा होज बराच वेळ गार राहतो आणि व्हॉल्व्ह उघडला की झपाट्याने तापतो. माझा होज पहिल्यापासूनच इंजिनबरोबर हळूहळू कोमट होत गेला. म्हणजे कूलंट पहिल्यापासूनच रेडिएटरकडे जात होतं. इथेच उलगडा झाला.

दुसऱ्या मेकॅनिकने इंजिन पूर्ण गार असताना माझ्यासमोर हाउझिंग उघडलं. आत व्हॉल्व्हच नव्हता, कडेला ताजं सीलंट लावलेलं होतं. मी फोटो काढला.

पहिल्या गॅरेजवाल्याचं उत्तर होतं, ‘गरम हवेत थर्मोस्टॅट लागतच नाही, सगळे काढतात.’ हे साफ खोटं आहे. बाहेर कितीही ऊन असलं तरी इंजिनला आतून ठरलेलं तापमान गाठावंच लागतं. ते गाठलं नाही तर ईसीयू इंजिन अजून गार समजून जास्त इंधन सोडतो. पेट्रोल पिस्टनच्या कडेने ऑइलमध्ये उतरतं, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही, गाळ साचतो आणि झीज वाढते. डिझेल गाडीत डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) काजळी नीट जळत नाही. काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करतो. तो काढला की थोडं कूलंट रेडिएटरला वळसा घालून जातं आणि चढावर तेच इंजिन जास्त तापू शकतं. यातलं काहीही लगेच जाणवत नाही. गाडी बंद पडत नाही, धूर निघत नाही, म्हणून अशा गॅरेजचं फावतं. याचा मला सर्वांत जास्त राग आहे.

फोटो आणि बिल समोर ठेवल्यावर थर्मोस्टॅटचे पैसे परत मिळाले, सेन्सरचे नाही. दुसऱ्या मेकॅनिकने नवा व्हॉल्व्ह बसवला आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत होता म्हणून तेही बदललं.

हे काम करून घेणार असाल तर जुने पार्ट हवेत, असं काम सुरू होण्याआधीच सांगा. नवा व्हॉल्व्ह खोक्यातून निघताना पाहा. त्यावर उघडण्याचं तापमान बहुधा कोरलेलं असतं, ते आणि पार्ट नंबर बिलावर लिहून घ्या. जुना व्हॉल्व्ह हातात आला तर भांड्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून थर्मामीटरसह तापवा. गार पाण्यातच तो उघडा दिसला तर बिघाड खरा होता. आणि पैसे देण्याआधी गार इंजिनवर होजची परीक्षा गॅरेजमध्येच करा, कारण दिवा तर कोड पुसूनही विझतो.